पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र : पहिल्या पाहणीपासून तिसऱ्या वर्षापर्यंत

संस्थेने स्वेच्छेने घ्यायचे पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र म्हटले की बहुतेकांना आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना) या संस्थेचे १४००१ हे मानक आठवते, आणि ते योग्यच आहे, कारण या क्षेत्रात जगभर सर्वाधिक वापरले जाणारे मानक हेच आहे. मात्र ते हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. हे प्रमाणपत्र संस्था प्रदूषणमुक्त असल्याची ग्वाही देत नाही. आपल्या कामाचा हवा, पाणी, जमीन आणि संसाधनांवर काय परिणाम होतो हे संस्थेला माहीत आहे, त्यातील महत्त्वाचे परिणाम तिने नियंत्रणात ठेवले आहेत, लागू कायद्यांची पूर्तता ती स्वतः तपासते आणि कामगिरी सुधारत नेण्याची तिच्याकडे चालती व्यवस्था आहे, एवढेच ते सांगते. धुराड्यातून किती कण बाहेर पडावेत किंवा सांडपाण्यात कोणता घटक किती असावा याबद्दल मानकात एकही आकडा नाही. त्या मर्यादा कायदा ठरवतो. त्या तुम्हाला ठाऊक आहेत का, आणि त्या पाळल्या जातात असे तुम्ही कशावरून म्हणता, हे मानक विचारते. ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशा रीतीने काम उभे करणे हीच प्रमाणपत्राची खरी तयारी होय.

कोणती योजना निवडावी

ब्रिटनमध्ये १९९२ साली बीएस ७७५० हे मानक आले. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये ‘एमास’ ही पर्यावरण व्यवस्थापन व ऑडिटची योजना नियमाद्वारे मंजूर केली आणि १९९५ पासून ती संस्थांसाठी खुली झाली. आयएसओ १४००१ ची पहिली आवृत्ती १९९६ ची. पुढे २००४ आणि २०१५ मध्ये तिच्यात फेरबदल झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक छोटी दुरुस्ती जोडली गेली, जिच्यामुळे हवामानबदल हा आपल्या संस्थेसाठी संबंधित विषय आहे की नाही हे ठरवणे प्रत्येक संस्थेला बंधनकारक झाले. या लेखातील मांडणी २०१५ च्या आवृत्तीला धरून आहे.

आयएसओ १४००१ आणि एमास यांत निवड करायची तर फरक पारदर्शकतेचा आहे. २००१ पासून एमासने आयएसओ १४००१ ची व्यवस्था आपल्या पोटात घेतली आहे, पण त्यावर ती आणखी मागणी करते : ऊर्जा, साहित्य, पाणी, कचरा, जैवविविधतेच्या दृष्टीने जमिनीचा वापर आणि उत्सर्जन या मुख्य निर्देशकांचे आकडे असलेले पर्यावरण निवेदन तयार करावे लागते, स्वतंत्र पडताळणीकाराकडून ते प्रमाणित करून घ्यावे लागते आणि ते लोकांसमोर ठेवावे लागते. २०१० पासून युरोपीय संघाबाहेरील संस्थांनाही तिच्यात नोंदणी करता येते. ग्राहकाने पुरवठादार म्हणून प्रमाणपत्र मागितले असेल तर बहुधा आयएसओ १४००१ पुरते. आपले आकडे जाहीर करण्याची तयारी असेल आणि बाजारपेठ युरोपात असेल, तर एमासचा विचार जरूर करावा.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. उत्पादनावर लावले जाणारे पर्यावरणस्नेही चिन्ह वेगळे. त्याचे निकष उत्पादनाचे असतात, संस्थेच्या व्यवस्थापनाचे नव्हेत. आणि ज्या संस्थेचा जवळपास सारा परिणाम विजेच्या व इंधनाच्या वापरातून होतो, तिने आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापनाचे मानकही चाळून पाहावे; काही वेळा तेच अधिक नेमके ठरते. मनुष्यबळ अगदीच तुटपुंजे असेल तर टप्प्याटप्प्याने प्रणाली उभी करण्याबद्दलचे आयएसओ १४००५ हे मार्गदर्शक मानक उपयोगी पडते.

व्याप्ती आधी ठरवावी

प्रमाणपत्रावर व्याप्ती लिहिलेली असते : कोणते ठिकाण, कोणती कामे. ती ठरवताना एक मोह टाळावा लागतो. भट्टी, रंगकाम किंवा सांडपाण्याची टाकी यांसारखा अडचणीचा भाग बाहेर ठेवून कार्यालय आणि जोडणी विभागापुरते प्रमाणपत्र घेण्याची कल्पना बैठकीत कोणीतरी हमखास मांडतो. मानकानुसार व्याप्ती ठरवताना संस्थेचा अधिकार आणि प्रभाव कुठवर पोहोचतो हे पाहावे लागते, आणि आखलेल्या सीमेच्या आत येणारे प्रत्येक काम, उत्पादन आणि सेवा प्रणालीत घ्यावी लागते. व्याप्तीचे विधान मागणाऱ्याला उपलब्ध करून द्यावे लागत असल्याने सोयीने कापलेली सीमा जाणकार ग्राहकाच्या लगेच लक्षात येते. अनेक ठिकाणी शाखा असलेल्या संस्थेने एका ठिकाणापासून सुरुवात करण्यात मात्र काही गैर नाही. ते स्पष्टपणे लिहिले म्हणजे झाले.

त्याच सुमारास वरिष्ठ व्यवस्थापनाची भूमिका निश्चित करावी. २००४ च्या आवृत्तीत ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ असे एक पद होते आणि सारी जबाबदारी त्या एका माणसाच्या गळ्यात पडत असे. २०१५ मध्ये ही अट गेली. आता प्रणालीच्या परिणामकारकतेचे उत्तरदायित्व थेट वरिष्ठ व्यवस्थापनावर आहे. समन्वयक नेमावाच लागतो, पण खरेदी, देखभाल आणि उत्पादन या विभागांचे प्रमुख त्याच्या बैठकीला येत नसतील तर काम पुढे सरकत नाही. पर्यावरण धोरण एका पानात लिहावे. त्यात पर्यावरणाचे रक्षण व प्रदूषणाला प्रतिबंध, अनुपालनाच्या बंधनांची (कायदे, परवाने, करार यांची) पूर्तता आणि सातत्याने सुधारणा ही तीन वचने असली पाहिजेत. धोरणाच्या भाषेवर आठवडे घालवणाऱ्या संस्था पुढच्या टप्प्यावर घाई करतात, असा अनुभव आहे.

पैलूंची नोंदवही : कामाचा गाभा

संस्थेच्या कामाच्या ज्या भागाचा पर्यावरणाशी संबंध येतो त्याला पर्यावरणीय पैलू म्हणतात, आणि त्यामुळे पर्यावरणात जो बदल होतो तो परिणाम. विद्रावकाची (सॉल्व्हंटची) वाफ हवेत जाणे हा पैलू. त्यामुळे हवेची गुणवत्ता घसरणे हा परिणाम. हा भेद कोरडा वाटला तरी तो पाळावा, कारण नियंत्रण पैलूवर ठेवता येते, परिणामावर थेट नाही. सर्व पैलू आणि परिणाम ज्या नोंदवहीत लिहितात तिला बोलीत अनेकजण ‘अ‍ॅस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर’ म्हणतात.

ही नोंदवही टेबलाशी बसून भरू नये. एका सल्लागाराने दुसऱ्याच उद्योगासाठी केलेला तक्ता नाव बदलून वापरलेला मी पाहिला आहे. त्या संस्थेत बॉयलरच नव्हता आणि नोंदवहीत बॉयलरच्या राखेची विल्हेवाट अगदी तपशिलाने लिहिलेली होती. त्याऐवजी आवाराचा नकाशा घ्यावा, कच्चा माल आत येतो तेथून चालायला सुरुवात करावी आणि प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहाव्यात : येथे आत काय येते, बाहेर काय जाते, गळते किंवा सांडते काय, आणि साठून काय राहते. गच्ची, जनरेटरची खोली, भंगाराचा कोपरा आणि पावसाच्या पाण्याचे गटार ही ठिकाणे सहसा विसरली जातात. रात्रपाळीतही एक फेरी मारावी. सांडपाण्याची टाकी, वाहून जाणारे पाणी आणि रिकामी चालणारी यंत्रे यांचे चित्र तेव्हा वेगळे दिसू शकते.

प्रत्येक पैलू तीन परिस्थितींत तपासायचा असतो. नेहमीचे काम ही पहिली. यंत्र सुरू करणे, बंद करणे, देखभाल आणि टाकीची सफाई ही दुसरी. आग, गळती, पूर किंवा वीज जाणे यांसारखी आणीबाणी ही तिसरी. वर्षातून एकदा होणाऱ्या टाकीच्या सफाईतून निघणारा गाळ रोजच्या नोंदीत कधीच दिसत नाही, पण वर्षभराच्या कचऱ्यापैकी सर्वांत घातक भाग कदाचित तोच असतो.

यानंतर जीवनचक्राचा दृष्टिकोन येतो. येथे संस्था घाबरतात, कारण त्यांना वाटते की जीवनचक्राचा सविस्तर अभ्यास करून घ्यावा लागेल. मानक तसे मागत नाही. कच्चा माल कोठून येतो, वाहतूक कशी होते, ग्राहक उत्पादन कसे वापरतो आणि शेवटी ते कोठे जाते, या टप्प्यांपैकी कशावर आपण नियंत्रण ठेवू शकतो आणि कशावर निदान प्रभाव टाकू शकतो, याचा विचार केल्याचे दिसले पाहिजे. खरेदीच्या अटींत वेष्टन परत घेण्याचे कलम घालणे हेदेखील त्यात मोडते. कार्यालये, शिक्षणसंस्था आणि सल्लासेवा यांच्या बाबतीत तर महत्त्वाचे पैलू भिंतींच्या आत कमी आणि खरेदी, प्रवास व दिलेल्या सल्ल्यात जास्त सापडतात.

आता यांतील महत्त्वाचे पैलू कोणते? पद्धत ठरवण्याची मुभा संस्थेला आहे. मानक फक्त ठरवलेले निकष लिहून ठेवायला सांगते. तीव्रता आणि वारंवारता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात एक खाच आहे. विद्रावकाचे पिंप फुटून जमिनीत झिरपणे याला तीव्रतेचे ५ आणि वारंवारतेचा १ दिला तर गुणाकार ५ येतो. विनाकारण जळणाऱ्या दिव्यांना तीव्रतेचे २ आणि वारंवारतेचे ५ दिले तर १० येतो. नियमानुसार दिवे महत्त्वाचे ठरतात आणि पिंप सुटून जाते. म्हणून गुणाकाराबाहेरचे दोन नियम आधीच लिहून ठेवावेत : तीव्रता ४ किंवा ५ असेल तर पैलू महत्त्वाचाच मानायचा, आणि ज्याला कायद्याची मर्यादा लागू आहे तोही महत्त्वाचाच. शंभरपैकी नव्वद पैलू महत्त्वाचे ठरत असतील किंवा एकही ठरत नसेल, तर निकष चुकले आहेत असे समजावे.

अनुपालनाची बंधने

लागू कायदे, परवाने, स्थानिक संस्थांचे नियम, ग्राहकांशी केलेले करार आणि स्वतःहून स्वीकारलेल्या बांधिलकी या सर्वांची मिळून बंधनांची यादी तयार होते. यादीत नुसते कायद्याचे नाव लिहून भागत नाही. त्यातले कोणते कलम आपल्या कोणत्या कामाला लागू पडते, त्यासाठी काय करावे लागते, कोण करतो, किती दिवसांनी करतो आणि त्याचा पुरावा कोठे ठेवलेला असतो, असे पाच रकाने हवेत. परवान्यातील प्रत्येक अट स्वतंत्र ओळीत उतरवून काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण या तयारीत वेळ घालवावा असे दुसरे काम नाही, असे माझे मत आहे. अनेक परवान्यांत मुदत, उत्पादनाची कमाल क्षमता किंवा इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो, आणि नंतर वाढवलेले उत्पादन परवान्याच्या मर्यादेबाहेर गेल्याचे याच टप्प्यावर उघड होते.

यादी करणे वेगळे आणि पूर्तता तपासणे वेगळे. मानक ठरावीक अंतराने अनुपालनाचे मूल्यमापन करायला आणि त्याची नोंद ठेवायला सांगते. मूल्यमापनात उल्लंघन आढळले तर ते लिहून ठेवावे, नियामक यंत्रणेला कळवणे आवश्यक असेल तर कळवावे आणि दुरुस्तीचा कालबद्ध आराखडा करावा. संस्थेने स्वतः शोधून हाताळलेली त्रुटी आणि ऑडिटरच्या हाती लागलेली, कोणालाच माहीत नसलेली त्रुटी यांत फार अंतर आहे. दुसरी त्रुटी संपूर्ण प्रणालीवरच शंका घ्यायला लावते.

उद्दिष्टे आणि त्यांचे मोजमाप

महत्त्वाचे पैलू व बंधने हाती आल्यावर त्यांतून उद्दिष्टे निघतात. प्रत्येक महत्त्वाच्या पैलूसाठी सुधारणेचे उद्दिष्ट असलेच पाहिजे असे नाही. काहींवर निव्वळ नियंत्रण पुरते. तीन किंवा चार उद्दिष्टे घ्यावीत आणि प्रत्येकाला जबाबदार व्यक्ती, मुदत, लागणारी साधने व मोजण्याची रीत जोडावी. ‘पाण्याचा वापर कमी करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली.

धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. तुकडे रासायनिक द्रावणातून काढून पाण्याने धुतले जातात आणि पाण्याचा मोठा वापर या धुण्यात होतो. समजा तुकड्यांबरोबर ताशी १ लिटर द्रावण बाहेर येते आणि शेवटच्या पाण्यात ते हजारपट पातळ झालेले हवे आहे. एकाच वाहत्या टाकीत यासाठी ताशी सुमारे १,००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या अशा जोडल्या की तुकडे पुढे जातात आणि पाणी उलट दिशेने मागे येते, तर गणिताने तेच काम ताशी सुमारे ३२ लिटरमध्ये होते, कारण दोन टप्प्यांत हजाराऐवजी त्याच्या वर्गमुळाइतकेच पाणी पुरते. प्रत्यक्षात मिसळण अपुरे राहते म्हणून आकडा वाढतो, तरी फरक प्रचंडच राहतो. येथे उद्दिष्ट असे लिहिता येईल : धुण्याच्या रांगेत दुसरी टाकी जोडून, ठरावीक तारखेपर्यंत, प्रति टन उत्पादनामागील पाणी अमुक लिटरवर आणणे, त्यासाठी रांगेवर स्वतंत्र मीटर बसवणे, जबाबदारी उत्पादनप्रमुखाची.

निर्देशक निवडताना एकूण वापर आणि उत्पादनामागील वापर हे दोन्ही आकडे ठेवावेत. समजा पहिल्या वर्षी ४,००० टन उत्पादनासाठी १२,००० घनमीटर पाणी लागले आणि दुसऱ्या वर्षी ३,००० टनांसाठी १०,५०० घनमीटर लागले. एकूण वापर साडेबारा टक्क्यांनी घटला म्हणून अहवालात आनंद व्यक्त होईल. पण प्रति टन वापर ३ वरून ३.५ घनमीटरवर गेला आहे. उत्पादन असो वा नसो, जेवढे पाणी वाहतच राहते त्या स्थिर वापराकडे हा आकडा बोट दाखवतो, आणि पुढचा शोध गळक्या नळापासून व शीतकरणाच्या टाकीपासून सुरू करावा लागतो.

रोजचे नियंत्रण, आणीबाणी आणि कागदपत्रे

नियंत्रण नेहमीच लेखी कार्यपद्धतीचे नसते. पिंपाखाली गळती अडवणारा कठडा बांधणे, टाकी भरताच आपोआप बंद होणारा झडप बसवणे किंवा घातक रसायन बदलणे हे कागदापेक्षा भरवशाचे. जेथे माणसाच्या सवयीवरच सारे अवलंबून आहे, तेथे सूचना एका पानाची, चित्रांसह आणि कामाच्या जागी लावलेली असावी. कंत्राटदार आणि बाहेरून येणारे वाहनचालक यांनाही ती लागू असते. कचरा उचलणारा ठेकेदार तो कोठे नेतो याची खातरजमा संस्थेने करायची असते. आवाराच्या फाटकाबाहेर गेला की प्रश्न संपला, असे होत नाही.

आणीबाणीच्या आराखड्याची रंगीत तालीम घ्यावी. आगीची तालीम बहुतेक ठिकाणी होते, गळतीची क्वचितच. आग विझवताना वापरलेले, रसायन मिसळलेले पाणी कोठे जाईल, हा एक प्रश्न विचारला तरी आराखड्यातील उणीव बाहेर पडते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात : जाड नियमपुस्तिकेची सक्ती मानकात नाही. व्याप्ती, धोरण, पैलू व निकष, बंधने, उद्दिष्टे, मोजमापाच्या नोंदी, ऑडिटचे निष्कर्ष, दुरुस्तीच्या नोंदी आणि मानकाने मागितलेल्या इतर मोजक्या नोंदी एवढे तर हवेच. बाकी आपल्या गरजेपुरते. संस्थेकडे गुणवत्तेचे आयएसओ ९००१ असेल तर कलमांची रचना सारखीच असल्याने प्रशिक्षण, दस्तऐवज नियंत्रण आणि अंतर्गत ऑडिट एकत्र चालवावे.

अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापनाचा आढावा

प्रमाणपत्राच्या ऑडिटपूर्वी सर्व कलमांचे आणि सर्व विभागांचे किमान एक अंतर्गत ऑडिट पूर्ण झालेले असावे. स्वतःच्या कामाचे ऑडिट स्वतः करू नये. लहान संस्थेत दोन विभागांनी एकमेकांचे करावे. एकही त्रुटी न सापडलेला अंतर्गत अहवाल पाहून अनुभवी ऑडिटर खूश होत नाही, सावध होतो.

व्यवस्थापनाच्या आढाव्यात उद्दिष्टांची प्रगती, अनुपालनाची स्थिती, ऑडिटचे निष्कर्ष, तक्रारी आणि साधनांची पुरेशी उपलब्धता हे विषय घ्यावे लागतात आणि त्यातून निर्णय निघावे लागतात. ‘माहिती घेतली, समाधान व्यक्त केले’ अशा इतिवृत्तातून कोणताही निर्णय दिसत नाही. पहिल्या पाहणीपासून येथवर पोहोचायला मध्यम आकाराच्या संस्थेला साधारण सहा महिने ते वर्ष लागते.

प्रमाणन संस्थेची निवड आणि बाह्य ऑडिट

आयएसओ ही संस्था मानके लिहिते, प्रमाणपत्रे देत नाही; ती स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात. अशी संस्था आयएसओ/आयईसी १७०२१-१ या प्रमाणन संस्थांसाठीच्या मानकानुसार एखाद्या मान्यता मंडळाने (प्रमाणन संस्थांची पात्रता तपासणाऱ्या मंडळाने) अधिस्वीकृत, म्हणजे मान्यताप्राप्त, केलेली आहे का, आणि ती अधिस्वीकृती आपल्या उद्योगक्षेत्रासाठी आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. जी संस्था सल्लाही देते आणि प्रमाणपत्रही देते म्हणते, तिच्यापासून दूर राहावे. वरील मानकात त्याला मनाई आहे. ऑडिटला किती दिवस लागावेत हे कर्मचाऱ्यांची संख्या आणि कामाची पर्यावरणीय गुंतागुंत यांवरून ठरते. तीन दरपत्रके मागवली आणि एकात दिवस निम्मेच धरलेले असतील, तर स्वस्ताईचे कारण विचारावे.

ऑडिट दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कागदपत्रे, व्याप्ती, पैलू, बंधने आणि एकूण तयारी पाहिली जाते. येथे निघालेले प्रश्न दुसऱ्या टप्प्याआधी सोडवायचे असतात, म्हणून दोहोंमध्ये काही आठवडे मोकळे ठेवावेत. दुसऱ्या टप्प्यात ऑडिटर प्रत्यक्ष कामाच्या जागी येतो आणि धागा धरून मागे जातो : हे पिंप नोंदवहीत कोठे आहे, ते महत्त्वाचे का ठरले, नियंत्रण काय, या पाळीतल्या माणसाला ते ठाऊक आहे का, मागच्या तपासणीची नोंद दाखवा. कर्मचाऱ्यांकडून धोरण पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आपल्या कामातून काय सांडू शकते आणि सांडल्यास आपण काय करायचे, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आले म्हणजे पुरे.

सापडलेल्या त्रुटींना मेजर (गंभीर) आणि मायनर (किरकोळ) एनसी म्हणतात; एनसी म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी, मानकाची अट पूर्ण न होणे. उत्तर देताना तात्पुरती दुरुस्ती आणि मूळ कारणावरचा उपाय वेगळे लिहावेत. लेबल नसलेल्या पिंपाला लेबल लावणे ही दुरुस्ती. माल उतरवून घेताना लेबल तपासण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती हे कारण, आणि ती नेमून देणे हा उपाय. ‘कर्मचाऱ्याला समज दिली’ हे उत्तर सहसा परत येते. मेजर एनसीवरील उपायांची पडताळणी दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत झाली नाही, तर तो टप्पा पुन्हा करावा लागतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते. पहिले सर्व्हेलन्स (देखरेखीचे) ऑडिट प्रमाणनाच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत, त्यानंतर दर वर्षी किमान एकदा, आणि मुदत संपण्यापूर्वी पुनर्प्रमाणन असा क्रम असतो. दुसऱ्या वर्षी प्रणाली सैल पडते, हे नेहमीचे : समन्वयक बदललेला असतो, नवे यंत्र बसलेले असते आणि नोंदवही मात्र जुनीच असते. म्हणून नवे यंत्र, नवे रसायन किंवा नवी इमारत यांच्या मंजुरीच्या कागदावरच ‘पैलू तपासले का’ असा एक रकाना घालून ठेवावा. खरेदीचा आदेश त्याशिवाय निघू नये.

प्रमाणपत्र हाती येताच त्यावरील संस्थेचे नाव, पत्ता, व्याप्ती, मानकाची आवृत्ती, तारखा आणि मान्यता मंडळाचे चिन्ह तपासून घ्यावे. जाहिरातीत ‘आयएसओ प्रमाणित’ असे मोघम न लिहिता मानकाचा क्रमांक आवृत्तीसह द्यावा. आयएसओचे बोधचिन्ह वापरता येत नाही. प्रमाणन संस्थेचे चिन्ह पत्रशीर्षावर चालते, पण उत्पादनावर आणि त्याच्या वेष्टनावर नाही, कारण तपासली गेली आहे ती व्यवस्थापन प्रणाली, वस्तू नव्हे. वेष्टनावर उल्लेख करायचाच असेल तर संस्थेचे नाव, प्रणालीचा प्रकार, मानक आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव असलेले साधे वाक्य छापता येते. त्याचा मसुदा छपाईला देण्यापूर्वी प्रमाणन संस्थेला दाखवून घ्यावा.